कोनाड्यातले पेढे

१९६३ सालच्या मार्गशीर्षात अमरावतीला गोपाळकृष्ण गुरुजींच्या घरी एका शिक्षणफंडाची नोटीस आली. निवृत्त हेडमास्तरांकडे एरवी लग्नपत्रिका आणि वर्गणीची पुस्तकं येतात, म्हणून त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचा जुना विद्यार्थी देवराव मोतीराम याने कॉलेजसाठी घेतलेल्या कर्जातले एकशेवीस रुपये थकले होते. गुरुजी जामीन होते. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर कोर्ट!

गुरुजी रागावले नाहीत. उलट त्यांना फार बरं वाटलं.

"मजुराचं पोर. कुठून देणार बिचारा!" ते पत्नीला, सिंधूताईंना म्हणाले. "आपणच भरून टाकू."

"आधी त्याला विचारा तरी."

"विचारून कशाला लाजवायचं?"

आणि त्यांनी बार्शीटाकळीला, जिथे देवराव आता शाळामास्तर होता, कार्ड टाकलं: 'थकलेल्या कर्जाची काळजी करू नकोस. मी भरतो.' उघडं कार्ड! ते आधी पोस्टमनने वाचलं, मग शाळेच्या शिपायाने, आणि सर्वांत शेवटी देवरावने.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला गाडी बदलून देवराव दारात उभा.

"गुरुजी, भरले तर नाही ना?"

"सोमवारी भरतो. तू कशाला एवढ्या लांब..."

"भरू नका. मी सारे फेडले हायेत. चार सालं झाले." त्याने रुमालाची गाठ सोडली. आत पावत्या होत्या, तारीखवार लावून सुईदोऱ्याने शिवलेल्या. टाके त्याच्या मायचे, इंदूबाईचे.

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

देवराव आपल्या वहाणांकडे पाहत राहिला. "माय आली होती ना सांगायले. पेढे घेऊन. तुमाले आठवत नाई काय?"

गुरुजींना आठवेना.

"आठवेल कसं?" सिंधूताई दारातून म्हणाल्या. "याच ओट्यावर तुम्ही म्हणालात, ठेवा त्या कोनाड्यात. दुपारी मी ते गाईला घातले. गाईला विचारा, तिला आठवत असेल."

सिंधूताई ओट्यावर पुढे आल्या.

"तुम्ही शाळेत समतेवर निबंध लिहून घेत होता आणि मी घरी गाय पोसत होते. त्या माउलीचा पेढा तोंडात घातला असता, तर ती काय म्हणाली तेही कानात शिरलं असतं! नोटिशीवर मात्र तुमचा लगेच विश्वास बसला. पोर गावकुसाबाहेरच्या मोतीरामचं, म्हणून ना?"

गुरुजींनी खुंटीवरची टोपी घेतली.

"चल, देवराव."

फंडाच्या कचेरीत खुशालराव कारकुनाने वह्या काढल्या. जुन्या वहीतले शेवटचे तीन हप्ते नव्या वहीत उतरवायचे राहून गेले होते.

"गुरुजी, तुम्ही म्हणता म्हणजे फिटलंच असेल," तो मोठ्या मनाने म्हणाला.

"मी म्हणतो म्हणून नाही!" गुरुजींचा आवाज वर्गातला झाला. "पावती म्हणते म्हणून! हा म्हणतो म्हणून! लिहून द्या, ह्याच्या नावानं, आणि दिलगिरीसकट."

पुढच्या रविवारी ते पत्र आणि पेढ्यांचा पुडा घेऊन गुरुजी आणि सिंधूताई बार्शीटाकळीला उतरले. इंदूबाईने पत्र लेकाकडून दोनदा वाचून घेतलं. मग पुड्यातला एक पेढा मोडून अर्धा गुरुजींपुढे धरला.

"आदी तुमी खा, गुरुजी. आमच्या घरी गाय नाई."

पेढे दिले त्या दुपारी ती गुरुजींच्या घरासमोरच्या निंबाखाली भाकर खात बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं, आणि चार वर्षं लेकालाही सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी पेढा खाल्ला. सिंधूताईंनी उरलेला अर्धा मागून घेतला.

वाचकहो, पावत्या आपण सगळ्यांनीच जपाव्यात. पण कुणाला त्या सुईदोऱ्याने शिवून ठेवाव्या लागतात, कारण त्याच्या नुसत्या शब्दावर आपण विश्वास ठेवत नाही. दया दाखवायला निघण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि त्याने पुढे केलेला पेढा कोनाड्यात ठेवू नका!