उंच केलेली जीप

कमानींखाली लोखंडी ठोकळे घालून जीप वीतभर उंच करायचं मीच ठरवलं. ओढा ओलांडताना पाणी जीपमध्ये शिरलं होतं, आणि गल्लीत आमच्याहून उंच जीप दुसऱ्या कुणाची असावी हे मला खपत नव्हतं. मिस्त्री मडिवाळप्पा तेव्हाच बोलला, गाडी वर गेली की मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट तिरका होतो अन् त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजतो. मी म्हणले, तू पाने फिरव, अक्कल माझ्याकडं हाय. वर्षात दोन क्रॉस बदलले.

त्या दिवशी नात शिवकन्याची लातूरला क्लासची प्रवेश परीक्षा होती. दहाला गेट बंद. मुलगा मल्लिकार्जुननं रेणापूर सोडून जीप पळवली, तशी माझ्या पायाखाली थरथर सुरू झाली. त्याला सांगितलं.

"आई, भूकंपाला पाच वर्षं झाली. तुझे पायच अजून थांबले न्हाईत."

खोटं नव्हतं. पिठाची गिरणी सुरू झाली तरी मी घराबाहेर पळते. म्हणून पाय घट्ट टेकवून थरथर पारखत बसले. पोरगी पुस्तकात तोंड घालून होती. पुढं बैलगाडी आली, जीप हळू झाली, थरथर थांबली. रस्ता मोकळा झाला, परत सुरू. असं तीनदा झालं.

"मल्ल्या, थांबव. भूकंप तुझा वेग बघून येत न्हाई."

"पेपर चुकंल तिचा."

"शाफ्ट तुटून रस्त्यात रुतला तर जीप उलटंल, पोरगीच राहायची न्हाई. थांबव."

तो धुसफुसत जीपखाली गेला. हात लावताच शाफ्ट खुळखुळ्यासारखा हलला; सांध्यातून गंजाची तांबडी पूड गळत होती. बाहेर आला तेव्हा तोंड उतरलेलं.

साडेनऊ वाजले होते. गच्च भरलेली एसटी न थांबता गेली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. कोबीचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरनं एक शिवी दिली, मी दोन दिल्या, आणि पोरीला पोत्यांवर चढवलं.

मल्लिकार्जुन कुणाच्या तरी फटफटीवर बसून मिस्त्रीला आणायला गेला. मी जीपजवळ एकटीच. बसले की उठायची, उठले की बसायची.

टेम्पो रिकामा होऊन परतला तेव्हा ड्रायव्हर आपणहून थांबला. म्हणाला, मावशे, गेट ओढतच होते, तेवढ्यात पोरगी आत घुसली.

मडिवाळप्पा तोवर जीपखाली शिरला होता. नवा क्रॉस घालतो म्हणाला.

"घाल. पण आधी ते ठोकळे काढ."

मल्लिकार्जुन बघतच राहिला. "अन् ओढ्याला पाणी आलं तर?"

"काठावर थांबू," मी म्हणले.