उजव्या कानातली ओळ

"सर, बाहेर सगळे म्हणतात, बेसिक ही संगणकाची भाषाच मेली. मग आपण रोज इथं मढ्याला आंघोळ घालतोय का?"

वर्गात हशा पिकला. सोळा वर्षांच्या लुसुंगूच्या जिभेला हाड नव्हतं, आणि काचालेसरांना ती त्यासाठीच आवडायची.

"मढं निदान वेळेवर हजर असतं, तुझ्यासारखं नाही," सर म्हणाले. "चौदावी ओळ काय आहे?"

"नेक्स्ट."

"म्हणजे?"

"फेरा संपला."

"तुला कुणी सांगितलं?"

"शब्दानंच सांगितलं की."

"शब्दानं सांगितलं! तुमच्या त्या पायथनमध्ये सांगायला कुणी नाही. ओळ किती आत सरकलीय ते बघायचं आणि समजून घ्यायचं. बघायचं, कळलं? डोळसांनी डोळसांसाठी केलेली भाषा ती. रिकामी जागा कधी कुणाला ऐकू आलीय?"

या प्रश्नाला उत्तर नाही, हे सरांना एकोणीस वर्षं माहीत होतं.

मांगोचीच्या त्या अंध शाळेत वायसन काचाले तेवढी वर्षं संगणक शिकवत होते. वयाच्या सहाव्या वर्षी गोवरानं त्यांचे डोळे नेले. पुढे ते जिल्ह्याच्या इस्पितळात टेलिफोन जोडून द्यायच्या खोक्यापुढं बसले. टेलिफोनचं ते मोठं खोकं एक दिवस काढून टाकलं, तेव्हा रडत घरी बसण्याऐवजी त्यांनी एका मित्राकडून पुस्तकं वाचून घेतली, कॅसेटवर भरली आणि कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून प्रोग्राम लिहायला शिकले. शाळेत संगणक सहा. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी जी बाई त्यात बोलायची, तिला मुलं अगोगो म्हणत, म्हणजे आजी. कारण ती दिवसभर बडबडायची. तिच्या बोलण्याचा वेग मुलांनी एवढा वाढवून ठेवला होता की डोळस पाहुण्याला नुसती फोडणीची चरचर ऐकू यावी. मुलांना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

सरांची कसोटी एकच: जे कानाला कळत नाही ते आपलं नाही. चित्रांचे ठोकळे माउसनं ओढून प्रोग्राम जुळवायचा एक प्रकार मध्यंतरी शहरातून आला होता, तो त्यांनी दारातूनच परत पाठवला. पायथनलाही तोच न्याय.

आता मात्र शुक्रवारपर्यंत जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला पत्र द्यायचं होतं. पुढची तीन वर्षं कोणती भाषा शिकवणार ते कळवायचं, म्हणजे संगणक त्याप्रमाणे तयार होऊन येणार. न्यिरोंगो मॅडम मुख्याध्यापिका होत्या, पण त्यांनी निवड सरांवर सोडली होती. सरांच्या नोकरीचीही तीनच वर्षं उरली होती.

बुधवारी दुपारी तामांदानी आली. सरांच्या हाताखाली शिकलेली सगळ्यात हुशार पोर. जन्मांध. आता सव्वीस वर्षांची, लिलाँग्वेच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिणारी. मिनीबसमधून उतरून ती थेट संगणकाच्या खोलीत आली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला, साखरेचा पुडा सरांच्या हातात दिला आणि त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. सरांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली. तिनं ते ऐकलं.

"भांडायला आलीस ना?" सर म्हणाले.

"भांडायलाच." सरांना ती बाम्बो म्हणायची, म्हणजे बाबा. "बाम्बो, माझ्या ऑफिसात बेसिक कुणी लिहीत नाही. मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. एक वर्ष गेलं माझं. या मुलांचंही घालवणार?"

"मी बेसिक शिकवलं म्हणून तू उपाशी मेलीस का?"

"मेले नाही. पण वर्षभर शेजारच्या पोराला विचारत बसले, ही ओळ कुठं आहे रे, ती ओळ कुठं आहे रे. तेही मरणच की." ती हसली. "आता तसं राहिलं नाही. ओळ सरकली की अगोगो ती रिकामी जागा वाजवून दाखवते. ओळ कडेला असली की सूर डाव्या कानात. जितकी आत जाईल तितका सूर उजवीकडे सरकतो आणि चढतो. ऐकून तर बघा. या छोट्या प्रोग्राममध्ये, तुम्ही आम्हाला द्यायचात तशी, एकच चूक पेरलीय."

सरांनी हेडफोन कानावर चढवले. मनात जरा खुशीच होती. चूक पकडण्यात त्यांचा हात धरणारा मांगोचीत कुणी नव्हता. ते एकेक ओळ खाली उतरत गेले. बारा ओळी. पुन्हा वर आले, पुन्हा उतरले.

"चूक नाहीच," ते म्हणाले.

"चालवून बघा."

त्यांनी प्रोग्राम चालवला. अगोगोनं फटकन सांगितलं, नववी ओळ कारण नसताना आत गेली आहे.

"काहीतरीच! नववी आठवीच्या बरोबर आहे. नवा सूर वाजलाच नाही. तुझ्या अगोगोला म्हातारचळ लागलाय."

"पुन्हा ऐका ना."

त्यांनी पुन्हा ऐकलं. पाच वेळा ऐकलं. तामांदानी उठली. तिनं त्यांच्या डोक्यावरचे हेडफोन हलकेच काढले आणि उलटे करून, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर, असे परत चढवले.

"आता नववी ओळ."

सूर वाजला. स्वच्छ, चढा, डाव्या कानात. आधीच्या ओळीपेक्षा चांगला वर. सरांनी हेडफोन उतरवून मांडीवर घेतले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली. उजवा कान गेला. डॉक्टर म्हणतात, डावाही त्याच वाटेनं निघालाय, सावकाश."

"मॅडमना माहितीय?"

"कुणालाच नाही. आंधळा मास्तर चालतो, पोरी. आंधळा आणि बहिरा मास्तर कुणाला चालेल?"

तामांदानीचा आवाज खाली आला, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो वर केला.

"सूर नको असेल तर ती तोंडानंही सांगते. चार जागा, आठ जागा. दोन्ही आवाज एकाच कानात आणता येतात."

"आज येतात. उद्या तो कान गेला की? आणि एका वेळी सहा पोरं सहा यंत्रांवरून ओरडतात, सर हे का, सर ते का. बेसिक मला पाठ आहे गं. पोरानं अर्धा शब्द म्हटला तरी उरलेला कळतो. त्यावर तीन वर्षं निघतील. या नव्या भाषेवर तीन महिनेही निघणार नाहीत."

ती म्हणाली, "तर बेसिकच लिहा. मी आलेच नव्हते, काही बघितलं नाही."

"तसंही तू काय बघणार, कप्पाळ!" सर म्हणाले, आणि दोघंही हसले. सरांना खरंच सुटल्यासारखं वाटलं. अगदी लाज वाटावी इतका आनंद झाला.

तेवढ्यात लुसुंगू न विचारता आत घुसली. तामांदानी आल्याची बातमी तिला लागली होती.

"ताई, तो सुरांचा प्रकार आणलाय ना? मला द्या, मला!"

तिनं हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतले आणि सरळ करून घातले. कळा टकटकल्या. आठ-नऊ वेळा, बस्स.

"नववी ओळ आत गेलीय," ती म्हणाली. "मुद्दाम केलंय ना? सर, ऐकलंत? अहो, ऐकू येतं! रिकामी जागा ऐकू येते!" ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली, पुन्हा उतरली, नुसती सूर ऐकायला. वर चढताना ती स्वतःच तो सूर गुणगुणू लागली.

सर तिचं गुणगुणणं डाव्या कानानं ऐकत होते. एकोणीस वर्षं ज्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, त्याचं उत्तर या आगाऊ पोरीला एका मिनिटात मिळालं होतं. आणि आपण ते तिच्यापासून तीन वर्षं लपवणार होतो; स्वतःची खुर्ची उबवायला. त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

त्या संध्याकाळी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोनं एन्सिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा दोनदा हातावर ठेवला, तेव्हा कुठं घास घेतला. "कुणाशी भांडलात?" तिनं विचारलं. "कुणाशी नाही," ते म्हणाले, "हरलो मात्र."

शुक्रवारी सकाळी पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं आणि न्यिरोंगो मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. भाषा, पायथन. शिक्षक, तामांदानी फिरी. लिलाँग्वेची नोकरी सोडून यायला ती तयार आहे, काल मी तिला विचारलं. खाली एक ओळ होती: माझा उजवा कान गेला आहे, हे मी दोन वर्षं सांगितलं नाही, माफी असावी.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "काचालेसर, हे शेवटचं लिहायची गरज नव्हती. कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच लिहिलं."

"आणि तुम्ही काय करणार?"

"ब्रेलची पुस्तकं नीट लावायला माणूस नाही म्हणता ना? ते करीन. आणि संगणकाच्या तासाला वर्गात बसू द्या. शेवटच्या बाकावर."

"शिकवायला?"

"शिकायला, मॅडम."

मॅडमनी शिक्का उमटवला, तो सरांना ऐकू आला.

नव्या सत्राचा पहिला आठवडा. तामांदानी पुढं उभी राहून ओळी सांगत होती, तिचा आवाज चांगला खणखणीत होता. शेवटच्या बाकावर सरांच्या शेजारी लुसुंगू. तिनं स्वतःच जागा मागून घेतली होती. सरांचा एक हात तिनं बाकावर पालथा ठेवून घेतला होता. ओळ कडेला असली की तिचं बोट त्यांच्या मनगटावर टेकायचं. एक पायरी आत गेली की चार बोटं वर, कोपराच्या दिशेनं. सर अगोगोकडून शब्द घेत आणि या बोटाकडून जागा.

"सर, चुकलात," ती कुजबुजली, मग त्यांच्या डाव्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाली. "अजून एक पायरी आत."

"इथं?"

"तिथंच. आता बरोबर."

"तू लई कडक आहेस गं."

"तुमच्याकडूनच शिकले. लिहा."

सरांनी ओळ लिहिली. "झालं कुणाचं?" तामांदानीनं विचारलं. त्या वर्गात हात वर करून उपयोग नसतो. ज्याचं झालं त्यानं बाकावर बोटांनी वाजवायचं. पुढच्या बाकांवर टकटक झाली, मग मधल्या. सरांनी आपली ओळ आणखी एकदा तपासली. मग शेवटच्या बाकावर दोनदा वाजवलं आणि आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत ताठ बसून राहिले.