मागचं डावं चाक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्वेंडा टॅटनेलने पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. मागचं उजवं चाक गोट्यांवर गरागरा फिरलं. डावं जागचं हललं नाही. गाडी घळीतून वर चढायच्या ऐवजी तिरकी झाली आणि वीतभर समुद्राकडे घसरली.

ग्वेंडाने इंजिन बंद केलं, खाली उतरून चाकाकडे पाहिलं. मग चाकाच्या मागे पाहिलं. तिथे लाकडाचा ठोकळा नव्हता.

"डेमन," तिने वर हाक मारली. "काल तू गाडी कशाच्या भरवशावर उभी केलीस?"

तिचा जावई घळीच्या तोंडाशी थर्मासमधून चहा ओतत होता. "म्हणजे?"

"म्हणजे रात्रभर ती इथे उतारावर उभी होती. घसरली नाही. कशामुळे?"

"हँडब्रेक ओढला होता. ठोकळा सापडेना."

ग्वेंडाने टोपी काढली आणि परत घातली.

"उतार होता ना," डेमन म्हणाला.

"उतार माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. हँडब्रेक ओढणारा तू पहिला."

बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर हँडब्रेक कोणी ओढत नाही. मागची चाकं दिवसभर खाऱ्या पाण्यात असतात. चाकाच्या ओल्या ड्रमवर ब्रेकचे शू दाबून ठेवले की रात्रीत दोघांमध्ये गंज धरतो आणि सकाळी ते एकच लोखंड होऊन बसतात. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे ठोकळा लावायचा. इथली पोरं स्टिअरिंग धरायच्या आधी हे शिकतात. ग्वेंडाच्या गाडीतला हँडब्रेकचा दांडा सुतळीने खाली बांधलेला असे. डेमनने ती सुतळी सोडून, नीट गुंडाळून, डॅशबोर्डवर ठेवली होती.

"मेलबर्न," ग्वेंडा सुतळी हातात घेऊन म्हणाली. जावयावर राग आला की ती त्याला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची. "ही सुतळी काय शोभेसाठी होती?"

"मला वाटलं दांडा खडखडतो म्हणून बांधलीय."

ग्वेंडाने दांडा खाली पाडला, इंजिन पुन्हा सुरू करून बराच वेळ हिसके देऊन पाहिले. पक्की सडक असती तर एका हिसक्यात ब्रेक सुटला असता. गोट्यांवर अडकलेलं चाक नुसतं घसरत होतं. पकडच नव्हती, तर हिसका बसणार कुठून. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा दोन हिवाळ्यांपूर्वी गंजून तुटला होता. तो बदलायचा राहिला होता.

रात्रीची भरती लहान होती, गाडीपर्यंत आली नव्हती; दिवसाची मोठी भरती अकराच्या सुमारास पूर्ण होणार होती. परवाच्या वादळानंतर लाटा अजून मोठ्या होत्या आणि अशा भरतीला घळ कड्यापर्यंत भरते. पिकअपचं तोंड चढाकडे होतं, पाठ समुद्राकडे. पाठीवर केल्पचा ढीग होता. हे समुद्री शेवाळ पट्ट्यासारखं लांब आणि ओल्या चामड्यासारखं जड असतं. वादळ ते किनाऱ्यावर आणून टाकतं, लोक ते ताजं असतानाच गोळा करून वाळवायच्या कारखान्यात नेतात. ढिगाच्या पुढे, केबिनला लागून, दोर गुंडाळत ओझं ओढणारी विंच बसवलेली होती. तिच्याशिवाय या घळीतून केल्पचा एक पट्टाही वर येत नाही. आणि वादळानंतर जो आपली घळ रिकामी करू शकत नाही, त्याच्या घळीत पुढच्या वादळाला दुसरा कोणी उतरतो. कोणी कोणाला विचारत नाही, कोणी भांडत नाही. ही घळ आधी ग्वेंडाच्या वडिलांची होती. दुसरी गाडी तिच्याकडे नव्हती.

"विंचनेच गाडी वर ओढली तर?" डेमनने विचारलं.

"विंचचं तोंड कुठे आहे?"

डेमनने पाहिलं. समुद्राकडे होतं.

"मग माल उतरवू. वजन कमी होईल."

"उतरवून ठेवू कुठे? ज्याने काल दिला त्यालाच परत?"

पण तासाभरात माल उतरवावाच लागला, कारण भरल्या गाडीखाली जॅक गोट्यांमध्ये रुतत होता. दोघांनी पट्टे ओढून कडेला टाकले. जॅकखाली फळी घातली. डेमनने हँडब्रेकची तार खालून सैल केली. तार सैल पडली, ब्रेक तसाच. आता एकच उपाय होता: चाक काढायचं आणि ड्रमला बाहेरून चारी बाजूंनी ठोकायचं. त्या ठोक्यांनी गंज सुटतो.

सहापैकी पाच नट पान्याला दाद देऊन सुटले. सहावा आपल्या बोल्टसकट तुटून डेमनच्या हातात आला.

"छान," ग्वेंडा म्हणाली. "ठेव खिशात. आठवण म्हणून."

नट निघाले तरी चाक हललं नाही. डेमनने टायरला लाथ मारली. मग दोन्ही पायांनी मारली. चाक ज्यावर बसतं त्या मधल्या हबला ते असं चिकटलं होतं की जणू ओतूनच काढलंय.

इंजिनाचा आवाज ऐकून रस फेनिक शेजारच्या किनाऱ्यावरून कडा उतरून आला होता. ग्वेंडाच्या बरोबरीचा, तिच्याच वर्गात शिकलेला. त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर केल्प पडलं होतं आणि त्याचा ट्रॅक्टर ट्रेलरला जोडून उभा होता. त्याच्या खांद्यावर घण होता. ग्वेंडाचं इंजिन सकाळी इतका वेळ का ओरडत होतं याचा अंदाज त्याने येतानाच बांधला असावा.

"हँडब्रेक?" त्याने विचारलं.

"जावई," ग्वेंडा म्हणाली.

"असं होय." रस वाकला. "काय रे डेमन, मेलबर्नला गाड्या पळून जातात का?"

"तिथे गाड्या समुद्रात उभ्या करत नाहीत," डेमन म्हणाला.

"ते चुकतंय त्यांचं." रसने चाकाच्या मध्यावर, हबच्या कडेने गंज सोडवणारं तेल मारलं आणि थोडा वेळ तसंच मुरू दिलं. "नट दोन-दोन आटे परत लाव. निघालं तर उडून अंगावर येईल. आणि जॅक वर आहे तोवर डोकं खाली घालायचं नाही. सासूचा राग असला तरी."

एरवी चिकटलेलं चाक काढायची सगळ्यांना माहीत असलेली युक्ती म्हणजे नट थोडे सैल ठेवून गाडी जरा पुढे-मागे हलवायची. गाडीच्या वजनानेच चाक सुटतं. पण त्यासाठी चाक फिरायला हवं. ब्रेक सुटल्याशिवाय चाक फिरणार नव्हतं, आणि चाक निघाल्याशिवाय ब्रेक सुटणार नव्हता. रसने हे मोठ्याने बोलून दाखवलं.

"आम्हाला माहीत आहे," ग्वेंडा म्हणाली.

"मी आपलं सांगितलं."

"गॅसने तापवलं तर?" डेमनने विचारलं.

"गॅसची टाकी गावात आहे," रस म्हणाला. "तू जाऊन येईपर्यंत तापवायला मासे उरतील."

रसने फळीचा तुकडा आतल्या बाजूने टायरला टेकवला आणि घण घातला. एकदा, मग फळी टायरच्या कडेने सरकवून दुसरीकडे. टायर थरथरला. हबच्या कडेने तांबडी भुकटी गळाली. चाक तिथेच.

"ग्वेन, हब कधी साफ केला होतास?"

"फेब्रुवारीत. मी नाही, यानेच. चारी चाकं काढून, तारेच्या ब्रशने घासून, ग्रीस लावून. दिवसभर तेच चाललं होतं अंगणात."

"याला ग्रीस लागलेलं नाही."

"लागलंय. मी स्वतः डबा आणून दिला."

रसने मधल्या खाचेत बोट फिरवलं आणि दाखवलं. बोट तांबडं होतं, कोरडं.

ग्वेंडा जावयाकडे वळली. "हँडब्रेकचं एकवेळ समजू शकते मी. तुला कोणी शिकवलं नाही. पण काम न करता केलं म्हणून सांगायचं?"

डेमनने पाना फळीवर ठेवला.

"बोल की."

"मी चारी केली असं कधी म्हणालो नाही. तीन केली."

"तीन? गाडीला चाकं किती असतात?"

"हे चौथं जॅकवर घेतलं होतं. नट सैल केले होते. तुम्ही फाटकातून हॉर्न वाजवलात. घळीत केल्प लागलंय म्हणालात, गाडी आत्ता हवी."

रस घणाच्या दांड्यावर टेकून समुद्राकडे बघू लागला.

"मग नंतर का नाही केलंस?" ग्वेंडाने विचारलं.

"विचारलं होतं. मार्चमध्ये एकदा. तुम्ही म्हणालात, आधी केल्प. मग इस्टरला."

"इस्टरला मी काय म्हणाले?"

"आधी केल्प."

एक लाट घळीत वरपर्यंत आली आणि काढून टाकलेल्या ढिगातले दोन-तीन पट्टे उचलून घेऊन गेली. तिघांनी ते जाताना पाहिले.

"तरी हँडब्रेक तूच ओढलास," ग्वेंडा म्हणाली.

"हो. तो मीच ओढला."

"मग झालं तर." तिने बाह्या वर केल्या. "तो घण इकडे दे, रस. तुझा हात दमलाय."

"माझा हात दमलेला नाही."

"तुझं केल्प पडलंय तिकडे. जा. ट्रेलर सोड आणि ट्रॅक्टर घेऊन ये."

रसने मान खाजवली. ट्रेलर अर्धा भरलेला होता आणि त्याचा किनारा तर या घळीपेक्षाही सखल. ट्रॅक्टर आणायचा म्हणजे ट्रेलर पाण्याच्या वाटेत सोडून यायचं. नाहीतर आधी ट्रेलर वर काढायचा आणि मग यायचं. दुसऱ्याची गाडी अडकली म्हणून आपली गाडी घळीत उतरवायची नाही, हाही इथला नियमच; एकाच्या जागी दोन गाड्या जातात. वरूनच दोर टाकायचा.

"आधी ट्रेलर वर काढतो," तो म्हणाला. "मग लगेच येतो. दोर आहे माझ्याकडे."

"म्हणजे आधी केल्प," डेमन म्हणाला.

ग्वेंडाने त्याच्याकडे पाहिलं. रसला हसू आलं, ते त्याने कडा चढताना पाठ फिरवून उरकलं.

साडेनऊला पाणी मागच्या चाकांना लागलं. पुढचा अर्धा तास दोघं आळीपाळीने घण घालत होती. लाट आली की डेमन चाक सोडून जॅक धरायचा, लाट गेली की ग्वेंडा ठोकायची. तेल वाहून गेलं म्हणून पुन्हा मारलं. तेही वाहून गेलं. डेमन गाडीच्या पाठीवर चढून विंचचे बोल्ट बघून आला. गाडी नाही वाचली तर निदान विंच काढून घेऊ, असा त्याचा विचार होता.

"कसे आहेत?" ग्वेंडाने विचारलं.

"चार जाम आहेत."

"किती आहेत एकूण?"

"चार."

ग्वेंडा घण टेकवून उभी राहिली. "तूच ठोक आता. मी फळी धरते. आणि हे बघ, पुढच्या वेळी मी हॉर्न वाजवला ना, तर..." ती थांबली.

"तर काय?"

"तर वाजवू दे मला. तू नट सोडत राहा."

"तुम्ही ऐकून घ्याल?"

"नाही. तू तरी सोडत राहा."

त्याने घण घातला. आवाज या वेळी वेगळा आला, जरा पोकळ. हबच्या कडेने तांबडा पापुद्रा सुटून पाण्यात पडला आणि चाक आणि हब यांच्या मध्ये, खालच्या अंगाला, नखाएवढी काळी रेघ दिसली. ती फट होती की पापुद्रा निघाल्याची जागा, हे दोघांनाही सांगता येईना. लाट आली आणि रेघ दिसेनाशी झाली.

दहा वाजून वीस मिनिटांनी पाणी मागच्या नटांच्या वर होतं. वर रस्त्याच्या फाटकाशी ट्रॅक्टरचा आवाज येत होता; तो इकडे येत होता की रस अजून ट्रेलरच ओढत होता, ते खालून कळत नव्हतं. चाक निघालेलं नव्हतं. डेमनने घण पुन्हा उचलला होता.