भुऱ्याचं कार्ड

पावणं, मांजराचं पिल्लू न्यायचं तर खुशाल न्या, पण आधी माझं ऐका. बसा त्या कट्ट्यावर. मगाशी तुम्ही म्हणालासा, "आज्जी, घरातल्या मांजराला कशाला वो दरवर्षी लस? एकदा टोचली की झालं की!" असंच बोलणारा एक माणूस ह्या घरात व्हता. त्यो बघा, भिंतीवर. हार घातलेला.

आमचं मालक. दूध संस्थेचं चेअरमन व्हतं. गोठ्यात चार म्हसरं. लाळ-खुरकताची लस सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाळ्याच्या आधी, सगळं कॅलेंडरवर लाल पेनानं मांडलेलं. संस्थेचा डॉक्टर एक दिवस उशिरा आला तर फोनवर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. आणि आमचा कुत्रा भुऱ्या त्याच गोठ्याच्या दारात बांधलेला. पिल्लू व्हता तवा त्याच डॉक्टरनं त्याला रेबीजची लस टोचली, कार्ड दिलं नि सांगितलं, "अण्णा, महिन्यानं अजून एक द्या, मग दरवर्षी एक. चुकवू नका." मालक म्हणालं, "कुत्रं काय धार देतंय व्हय?" आणि कार्ड देव्हाऱ्यामागं खोचलं.

चार वर्षं त्या कार्डावर दुसरी तारीख पडली न्हाय. दिवा लावताना रोज दिसायचं की मला! रोज म्हणायची, ह्या महिन्यात न्हेऊ. म्हशीचं आंबोण कधी चुकलं न्हाय माझ्याकडनं, ह्येच तेवढं चुकलं. माझं पाय काय मोडलं व्हतं न्ह्यायला?

दिवाळी झाली नि गल्लीत एक परकं कुत्रं शिरलं. भुऱ्यानं दावं तोडून त्याला ओढ्यापातुर हुसकलं, पण त्यानं भुऱ्याचा कान फाडला. मालकानं कानात हळद भरली नि कौतुक सांगत सुटलं. महिनाभरानं भुऱ्या खायाचं सोडून अंधारात जाऊन बसाय लागला. शेजारच्या चिमणाबाईची नात मोना, सहा वर्षांची पोर, त्याला बिस्कीट द्यायला गेली, तर तिच्या हाताला कडाडून चावला. कधी कुणावर गुरगुरला न्हवता त्यो! मालक म्हणालं, "घशात हाडूक अडकलंय त्याच्या." आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाकून बोटं घातली आत. हाडूक कुठलं आलंय? बोटं सोलून निघाली. त्याच्या लाळेनं भरलेली फरशी मी पुसली, भेगाळलेल्या हातांनी.

तेवढ्यात चिमणाबाई आली पोरीला घेऊन. "अण्णा, कुत्र्याला टोचलंय न्हवं?"

"म्हंजे? चेअरमनच्या घरचं कुत्रं हाय. दरवर्षी टोचतूय!" मालकानं कार्ड काढून लांबनंच हालवलं. तिला अक्षर वळखाय येत न्हाय. बिचारी हात जोडून गेली की वो! आणि मी चुलीपाशी उभी, तोंडात मूग धरून. लाज वाटती सांगायला, पण एक शब्द न्हाय बोलले.

सकाळी बघितलं तर भुऱ्याचा जबडा लोंबत व्हता नि लाळेची तार लागलीती. मग मात्र राहवलं न्हाय. तशीच चिमणाबाईच्या दारात गेले नि सांगितलं, "बाई, लस एकदाच दिलीया, पिल्लू असताना. पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." तिनं मला काय काय शिव्या दिल्या ते तुमच्यासमोर सांगत न्हाय. पण गेली. मीबी तिच्या मागनं गेले. मोनाला टोचलं, मलाबी टोचलं.

दुपारी भुऱ्या मेला. चिमणाबाई गल्लीच्या मधोमध उभी राहून वरडाय लागली. मालक बाहेर आलं नि कार्ड नाचवलं सगळ्यांच्या म्होरं. त्यावर पाच तारखा व्हत्या. पहिली डॉक्टरची, निळी. बाकीच्या चार लाल पेनातल्या. "बघा! माझी बायको अडाणी हाय, तिला काय कळतंय?"

घरात आल्यावर मी पाय धरलं त्यांचं. "अवो, बोटं सोललीती तुमची. इंजेक्शन घ्या."

"आणि त्या रांगेत गावानं मला बघू दे व्हय? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बस."

गप बसले. पुढचं माझं डोस मी चोरून घेतलं, पेठ वडगावला बहिणीकडं जाते म्हणून. एसटीत बसून रडायची, पण त्यांना वढून न्हेलं न्हाय. वरडले असते, दारात बसून बोंब मारली असती, तर आलं असतं का? आलं असतं वाटतंय मला. ह्येच जाळतंय मला अजून.

संक्रांत झाली नि त्यांच्या बोटांत मुंग्या याय लागल्या. मग एक दिवस तांब्या तोंडाला लावला नि अंगात झटका आला. पाणी बघितलं की गळा आवळायचा. सरकारी दवाखान्यात न्हेलं, तवा डॉक्टरीण बाईनं विचारलं, "कुत्रं चावलं होतं का? त्याला लस दिली होती?"

मालकाला बोलवत न्हवतं. त्यांनी खिशातनं कार्ड काढलं नि तिच्या म्होरं धरलं. तवाबी, पावणं! तवाबी!

मी ते हातातनं हिसकून घेतलं. "खोटं हाय, बाई. लाल तारखा ह्यांनीच घातल्यात." उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर खरं बोलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नि डोळं मिटलं. डॉक्टरीण म्हणाली, "आज्जी, आता उशीर झालाय." दुसऱ्या दिवशी गेलं.

मोना आता दुसरीला हाय. चिमणाबाई माझ्याशी बोलत न्हाय. बरोबरच हाय तिचं.

घ्या हे पिल्लू. आणि हा त्याचा कागद, पहिली लस मी देऊन आणलीया. पुढच्या महिन्यात दुसरी, मग दरवर्षी. तारीख डॉक्टरलाच लिवू द्या. आणि ते तुमच्या खिशातलं लाल पेन हितंच ठेवून जावा.