रियासतीबाहेरची अक्का

कल्याणप्पांनी टाक दौतीत बुडवला, कागदावर नेला आणि एक अक्षरही न लिहिता परत दौतीत उभा केला. सकाळपासून ही चौथी खेप होती. समोर बसलेले मुनीम उत्तरेश्वर सगळं पाहत होते. तीस वर्षं एकाच पेढीवर काढलेल्या माणसाला मालकाच्या कोणत्या खाकरण्याचा काय अर्थ हे कळत असतं.

कागद सरकारी होता, उर्दूत छापलेला. इंग्रज जाऊन तीन महिने झाले होते. सोलापूर हिंदुस्थानात गेलं होतं आणि कल्याणप्पांचं नळदुर्ग निजामाकडंच राहिलं होतं. त्यात हा नवा कर आला. त्याचं एक कलम कल्याणप्पांच्या घशाखाली उतरत नव्हतं. रियासतीबाहेर राहणाऱ्या कुणाला व्याज द्यायचं असेल, तर देणाऱ्यानंच त्यातून रुपयामागे दोन आणे कापून खजिन्यात भरायचे. न कापता पैसे दिले, तर तो कर देणाऱ्याच्याच बोकांडी बसणार.

"लिवा आता मालक," शेवटी उत्तरेश्वर म्हणाले. "ह्या रकान्यात घेणाराचं नाव. आन् ह्यात, रियासतीबाहेर कुठं ऱ्हातो ते."

"अक्काला बाहेरची लिवू? ह्या घरात जन्मलीया ती."

"जन्मल्या हितं, पर ऱ्हात्यात सोलापुरात."

कल्याणप्पांनी कागद बाजूला सरकवला. बारा वर्षांपूर्वी, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, त्यांच्या जिनिंगचं इंजिन बसलं होतं. उधार द्यायला सोयऱ्यांपैकी एकही पुढं आला नाही. तेव्हा थोरली बहीण जगदेवीअक्का सोलापूरहून आली, पाटल्या, गोठ आणि पुतळ्यांची माळ त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि चहा पिऊन परत गेली. त्या सोन्याचे दोन हजार आले आणि इंजिन पुन्हा धडधडू लागलं. तेव्हापासून दर दिवाळीला लुगड्याबरोबर व्याजाचे एकशे ऐंशी आणि वर एक असे रुपये तिच्या पदरात पडत. बहिणीच्या पैशाला कात्री लावायची नाही, उलट वर एक घालायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. बाहेर कुठं दमडी सोडत नसलेले कल्याणप्पा या बाबतीत मात्र राजे होते.

"फाडा तो कागद," ते म्हणाले. "वहीत दरसाल लिवतो तसंच लिवा. दिवाळी, घरखर्च."

"आन् तपासणी झाली तर? भर हंगामात जिनिंगला कुलूप लागंल, मालक."

"लागू दे!"

हा आवाज जरा मोठाच निघाला. माजघरात भावजयीला करंज्या करू लागलेली जगदेवीअक्का पिठाचे हात घेऊन दारात आली. कालच्याच मोटारीनं ती आली होती. सरहद्दीच्या नाक्यावर शिपायांनी तिचं बोचकं दोनदा उसकटलं होतं, तरी तिनं त्याची गोष्ट हसत हसत सांगितली होती.

"कसला कागद रे, तम्मा?"

धाकट्या भावाला ती अजून कानडीतून तम्माच म्हणे. कल्याणप्पांनी मान खाली घालून सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुझ्या पैशात सरकार हात घालतंय, अक्का. न्हायतर असं कर, तूच हितं ऱ्हायला ये. हितं ऱ्हायलीस की कापायचं कामच न्हाय."

जगदेवीअक्काला हसू आलं.

"कर वाचवायला बहिणीला माहेरी आणणारा तूच एक," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली. "उत्तरेश्वर, ह्यात काय काय लिवत्यात?"

"तुमचं नाव, अक्का. मुद्दल किती, कवापासून, व्याज किती, कापलं किती. एक पर्त कचेरीत ऱ्हाती, एक तुमच्या हातात. शिक्का मारून."

"माझ्या हातात?"

"व्हय. कायदाच हाय तसा."

अक्का बोटांचं पीठ खरवडत राहिली.

"आन् आपल्या वहीत काय लिवलंय?"

मुनिमांनी मालकाकडं पाहिलं. मालक आढ्याकडं पाहू लागले.

"घरखर्च," कल्याणप्पा म्हणाले. "अक्का, तुझं सोनं कर्ज म्हणून कसं लिवू म्या? ही पेढी, ही लेकरं, आज ताटात पडतंय ते समदं तुझ्यामुळं. त्याचा हिशोब मांडायचा? हात उचलत न्हाय माझा."

"ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय. आपण दोघं गेल्यावर कुणाला?" तिचा आवाज वाढला नव्हता. "जाऊबाई म्हणत्यात, हिचं माहेरी हाय काय, दिवाळीचं लुगडं तेवढं. हे गेल्यापासनं धाकट्या दिराच्या घरात दहा वर्सं काढली. आता देवळाजवळ एक खोली बघितलीया. घरमालक म्हणतो, एकट्या बाईनं भाडं कुठनं द्यायचं? म्या म्हणलं, माझं पैसं हायत नळदुर्गात. तर म्हणतो, कागद दावा."

दर दिवाळीला कल्याणप्पा विचारत, बरी हाईस न्हवं? ती म्हणे, बरी हाय. तेवढ्यावर त्यांचं समाधान होत आलं होतं.

"बाहेरची तर म्या हायच रे, लगीन झाल्यापासनं," अक्का म्हणाली. "पर हिचं हितं काय हाय, असं पहिल्यांदाच ह्या कागदानं इचारलंय. काप तू."

कल्याणप्पांनी टाक उचलला. या खेपेला तो थांबला नाही. रकान्यामागून रकाना भरत गेला. एकशे ऐंशीवर बावीस रुपये आठ आणे. शिक्का मारून आणायला उत्तरेश्वर दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या कचेरीत जाणार होते. मग कल्याणप्पांनी पाडव्याला पुजायची नवी वही पुढं ओढली, कोरं पान उघडलं आणि मुनिमांना न विचारता मोडीत स्वतःच लिहिलं, जगदेवीअक्का, मुद्दल रुपये दोन हजार, जमा. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"तुझे लई उपकार हायत, अक्का," ते म्हणाले. "आन् म्या ते घरखर्चात लिवत होतो."

अक्का उठून जवळ आली. ती सरकारी कागदाकडं बघू लागली; तिला उर्दू येत नव्हतं.

"ह्यात माझं नाव कुठलं?"

त्यांनी दाखवलं. तिनं हात पदराला स्वच्छ पुसले, शाई वाळली आहे का ते वाकून पाहिलं आणि मग त्या अक्षरांवर हलकेच बोट ठेवलं. बराच वेळ तिनं ते उचललं नाही.

"तम्मा," ती म्हणाली, "पुढल्या सालीबी कापशील न्हवं?"