साहेबांची मावशी

"हा दोन माणसांचा कचरा आहे," मॅनेजर म्हणाला.

त्याने रबरी हातमोजे चढवले होते आणि मागच्या दाराशी ठेवलेल्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो एकेक वस्तू वर काढत होता. राखणदार शेजारी उभा होता.

"अंड्याची टरफलं बघ. संत्र्याची सालं बघ. एकट्या माणसाचा असतो एवढा कचरा?"

"हल्ली भूक जरा जास्त लागते, सर."

"तुला लागत असेल. साहेबांना नाही लागत. साहेब रात्रीचं जेवतच नाहीत. त्या थरातली माणसं जेवत नाहीत."

त्या थरातल्या माणसांविषयी मॅनेजरला सगळे ठाऊक होते, कारण जगभरच्या अतिश्रीमंतांवर दरवर्षी निघणारा एक गुळगुळीत कागदाचा अहवाल तो मागवत असे. ही माणसे पहाटे उठतात. कमी जेवतात. त्यांचा एकदा तरी काडीमोड झालेला असतो. त्यांना चित्रे, जहाजे आणि आकाशातले ग्रह आवडतात. घर त्याप्रमाणे सजवलेले होते. वरच्या गच्चीत दुर्बीण होती आणि तिच्या डोळ्यावरची टोपी अजून कुणी काढलेली नव्हती.

साहेबांची पाच देशांत पाच घरे होती आणि त्यांतल्या एकाही घरात ते राहत नसत. या देशात कर नावापुरता होता. पण तो नावापुरता कर भरण्याचा मान मिळवायचा तर वर्षातला निम्म्याहून जास्त काळ इथे राहावे लागे, आणि साहेबांना तेवढी सवड नव्हती. म्हणून राहायला माणूस ठेवला होता. साहेब खरोखर कुठे आहेत हे विचारायचे तर त्यांच्या विमानाला विचारावे लागले असते, आणि विमानही साहेबांच्याच नोकरीत होते.

राखणदार आधी हॉटेलात खोल्या आवरायचा. तिथे राहून गेलेल्या माणसाच्या खुणा पुसायच्या असत, इथे न आलेल्या माणसाच्या खुणा उमटवायच्या होत्या. काम तेच, फक्त उलट्या बाजूने. सकाळी साहेबांच्या पलंगावर लोळून चादर चुरगाळायची. नळ सोडायचे, दिवे लावायचे, साहेबांचा टूथब्रश ओला करायचा. पळण्याचे यंत्र चालू ठेवायचे. त्यावर तो पळत नसे, शेजारी बसून मोजे रफू करी. साहेबांना त्याने पाहिले होते ते एकदाच, एका मासिकाच्या मुखपृष्ठावर. फाटकावरचा पहारेकरी त्याला 'छोटे मालक' म्हणायचा.

नोकरीला अट एकच होती. घरात दुसरे माणूस आणायचे नाही. साहेब एकटे राहतात.

"पुढच्या आठवड्यात कर-खात्याची तपासणी आहे," हातमोजे उतरवत मॅनेजर म्हणाला. "नीट राहा. म्हणजे, साहेबांनी नीट राहिलेलं दिसलं पाहिजे." मग जाता जाता जरा मऊ होऊन म्हणाला, "विजेचं बिल मात्र छान वाढलंय. असंच चालू दे."

वीज खात होते ते ऑक्सिजनचे यंत्र. ते वरच्या मजल्यावर साहेबांच्या झोपायच्या खोलीत होते आणि त्याची नळी राखणदाराच्या बायकोच्या नाकाला लावलेली होती.

तिने उभा जन्म गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काढला होता. कापडाचा तूस इतकी वर्षे छातीत जात राहिला होता, तो आता बाहेर पडायला तयार नव्हता. त्यांची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि उशाकडची भिंत बारा महिने ओली. डॉक्टरने सांगितले होते, कोरडी हवा हवी आणि रोजचा जिना नको, बाकी फार काही हातात राहिलेले नाही. खोलीचे भाडे आणि यंत्राचे भाडे, दोन्ही झेपेना. त्याने खोली सोडली. पहारेकऱ्याने गाडी आत घेताना तोंड फिरवून म्हटले होते, "मी काही वहिनींना बघितलेलं नाही हं, मालक. ऊन डोळ्यांवर येतंय."

त्या दिवशी आभाळ भरलेले होते.

"काय म्हणत होता तुमचा मॅनेजर?" तो वर आला तेव्हा तिने विचारले. ती खिडकीशी बसून पडद्याची उसवलेली कड शिवत होती. हाताला काम नसले की तिला जास्त धाप लागे.

"कचरा जास्त होतो म्हणाला."

"मी सालासकट खाईन उद्यापासून." तिने दोरा दातांनी तोडला. "अहो, पण हा तुमचा साहेब करतो तरी काय?"

"श्रीमंत आहे."

"ते दिसतंय. करतो काय?"

"तेच."

ती हसली आणि मग बराच वेळ खोकली. खोकला संपेपर्यंत तो पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याला फार काही नको होते. तिचे जे काही उरले होते ते या कोरड्या खोलीत, त्याच्या डोळ्यांसमोर जावे, एवढेच.

तपासणीला आलेल्या बाईंच्या पिशवीचा बंद तुटलेला होता आणि तो त्यांनी गाठ मारून चालवून घेतला होता. त्यांनी फ्रिज उघडला, चपला पाहिल्या, पळण्याच्या यंत्रावरचे आकडे पाहिले. मॅनेजर मागे मागे हसत फिरत होता. मग त्या खालच्या न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी टूथब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवला.

"कोरडा आहे."

राखणदाराच्या बायकोचा सकाळपासून जीव घाबरा होत होता. त्या गडबडीत तिला दुसरीकडे हलवायचे राहिले होते आणि ब्रशही राहून गेला होता.

"साहेब कुठं आहेत?" बाईंनी विचारले.

"आत्ताच बाहेर पडले," मॅनेजर म्हणाला.

"दात न घासता?"

मॅनेजरने टॉवेलची घडी नीट केली. तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. साधा नव्हता, छातीच्या तळापासून खरवडत आलेला खोकला होता. तिघेही वर बघू लागले. मॅनेजर राखणदाराकडे बघू लागला. बाई जिना चढू लागल्या.

उशांना टेकून बसलेली ती म्हातारी होत चाललेली बाई, नाकाला नळी, उशाशी औषधे, मांडीवर शिवण. तपासनीस बाई दारातच थांबल्या.

"आपण कोण?"

राखणदाराने तोंड उघडले. मॅनेजरचे आधी उघडले.

"साहेबांच्या मावशी. आईच्या जागी आहेत त्यांना."

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. मग मॅनेजरकडे. मग सुई शिवणात खोचून ठेवली.

"इथंच राहता?" बाईंनी विचारले.

"इथंच. जिना उतरवत नाही, मग जाणार कुठं?"

"भाचा बघतो ना नीट?"

राखणदार पाण्याचा पेला घेऊन दाराशी उभा होता. "बघणारा बघतो," ती म्हणाली.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. चादर, औषधे, जमिनीवर सांडलेले दोऱ्याचे तुकडे, सगळीकडे त्यांची नजर एकदा फिरली. "या रस्त्यावरची घरं इतकी वर्षं तपासतेय मी," उठताना त्या म्हणाल्या. "घरात कुणाला खोकताना आज पहिल्यांदा ऐकलं." साहेब इथे राहतात याबद्दल त्यांना आता शंका उरली नव्हती.

त्या गेल्यावर मॅनेजर स्वयंपाकघरात आला, उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायला.

"कोण आहे ती?"

"बायको, सर. चूक झाली. आजच हलवतो मी..."

"बायको होती," मॅनेजर म्हणाला. "आता मावशी आहे."

त्याने हाकलले नाही. उलट त्याच्या डोक्यात चक्रे फिरू लागली होती. अहवालात यंदा त्याबद्दल एक सबंध पान होते म्हणे. या थरातली माणसे वय वाढेल तशी घरच्या वडीलधाऱ्यांकडे वळू लागली आहेत, सगळीकडेच तसा कल आहे. मावशी म्हणजे साहेबांच्या जीवनशैलीत इतके दिवस राहून गेलेली उणीव होती. मावशी राहील. मात्र राखणदार त्या खोलीत झोपणार नाही. साफसफाईला आता बायका येतील, त्यांच्यासमोर तो तिला मावशीबाई म्हणेल, अहो-जाहो करेल.

ही व्यवस्था ऐकून बायको खोकला लागेपर्यंत हसली. "एवढा संसार केला, तुमच्या तोंडून 'अहो' ऐकायला दुसऱ्याची मावशी व्हावं लागलं."

"घ्या मावशीबाई, औषध घ्या."

"पाय चेपायला सांगा कुणाला तरी, राखणदार."

तो पाय चेपायचा. चांगले दिवस होते. मॅनेजर फळे पाठवू लागला, आणि सालांबद्दल कुणी बोलेना. एकदा तर डॉक्टरही आला, साहेबांच्या ओळखीतला, हाताला अत्तराचा वास येणारा. त्याने छाती तपासली आणि पहिल्या डॉक्टरने फुकटात सांगितले होते तेच सांगितले.

रात्री राखणदार खाली जिन्याजवळच्या कोचावर झोपे. वरून यंत्राची घरघर ऐकू येई. तेवढ्यावर त्याला झोप लागायची.

ती गेली त्या सकाळी बाहेर स्वच्छ ऊन होते. साफसफाईवाली बाई वरच्या व्हरांड्यात फरशी पुसत होती. बायकोचे ओठ निळसर दिसत होते. त्याने वाकून विचारले, "मावशीबाई, जरा बसतं करू का तुम्हाला?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "नावानं हाक मारा ना एकदा."

त्याने दाराकडे पाहिले. फडक्याचा आवाज जवळच होता. "मारतो," तो पुटपुटला. "तिला खाली जाऊ दे."

फरशी पुसायला त्या बाईने रोजच्याइतकाच वेळ घेतला. ती बादली उचलून जिना उतरली तेव्हा त्याने हाक मारली. यंत्र चालूच होते, पण आता ते नुसतीच वीज खात होते.

मॅनेजर तासाभरात आला. खाली बसला. आधी त्याने जे काय म्हणायचे असते ते म्हटले, आणि त्याला वाईट वाटले नव्हते असेही नाही. मग तो म्हणाला, "मावशी गेली असं नाही करता येणार."

"म्हणजे?"

"मावशी गेली तर भाचा यायला पाहिजे. शेजारी येतील, खात्याचं माणूस येईल भेटायला. साहेब कुठायत म्हणून विचारतील."

"मग येऊ देत की साहेब."

"अरे बाबा, साहेब इथं येऊ शकत नाहीत," मॅनेजर कळवळून म्हणाला. "साहेब इथंच आहेत!"

मॅनेजरने घड्याळ पाहिले.

"असं करू. मावशी हवापालटाला गेली. आणि तुझी बायको गेली, तुमच्या खोलीवर. दुपारी धुलाईची गाडी येईल मागच्या दाराला. कुणी बघत नाही. मी स्वतः बरोबर येतो."

"खोली सोडली, सर."

"सोडली? मग तुम्ही राहत कुठं होतात?"

"इथं."

"इथं साहेब राहतात," मॅनेजर म्हणाला. ते त्याने रागाने म्हटले नाही. लहान मुलाला वार सांगावा तसे सांगितले. मग पुढे सरकून हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ. पगार वाढवून घेतो तुझा. वरची ती खोली तुलाच ठेव. एवढं मोठं घर, आयुष्यभर राहा. या वयात बाहेर कोण उभं करणार तुला? मागच्या दारानं न्यायचं, इतकंच. तिला आता काय कळतंय?"

ते सगळे खरे होते. राखणदाराने बसून त्याचा विचारही केला. या वयात हॉटेलवाले त्याला दारात उभे करणार नव्हते. जायला जागा नव्हती. आणि तिला खरेच काही कळत नव्हते. त्याची नजर मॅनेजरच्या हातांवर गेली. स्वच्छ हात होते, नखे कापलेली. मागच्या दाराशी डब्यात घालतानाच तेवढे तो त्यांना हातमोजे चढवी.

राखणदार उठला आणि साहेबांच्या फोनवरून त्याने इस्पितळाची शववाहिनी मागवली. पत्ता विचारला तेव्हा घराचा पत्ता सांगितला, पुढच्या फाटकाची खूण सांगितली.

"तू शुद्धीवर आहेस का?" मॅनेजर उभा राहिला. "आजच्या आज जाशील तू!"

"हो, सर. तिच्याबरोबरच निघतो."

स्ट्रेचर जिन्यावरून उतरले, पण पुढच्या दाराशी अडले. दार दोन फळ्यांचे होते आणि त्यातली एकच फळी आजवर उघडली गेली होती. एका माणसाच्या जाण्यायेण्याला तेवढी पुरे होती. दुसऱ्या फळीचा वरचा अडसर रंगाखाली चिकटून बसला होता. शववाहिनीचा माणूस म्हणाला, मागे दुसरे दार असेल ना? राखणदार म्हणाला, थांबा. तो खुर्चीवर चढला आणि मुठीने अडसर ठोकू लागला. पहारेकरी फाटक सोडून पळत आला, त्याने हातातली काठी दिली. दोघांनी मिळून ठोकले. महागड्या रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडले. मॅनेजर बागेत फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. कुठल्या तरी समुद्रावर साहेबांचा फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हते.

फळी उघडली.

"नाव?" गाडीपाशी त्या माणसाने विचारले. राखणदाराने सांगितले. गरजेपेक्षा मोठ्याने सांगितले. साफसफाईवाली बाई पायरीवर उभी होती, तिने चमकून वर पाहिले.

"तुमच्या कोण?"

"बायको."

पहारेकऱ्याने गाडीत त्याची पिशवी ठेवली. त्याला काहीतरी बोलायचे होते, पण नेहमीचे 'मालक' आज तोंडातून निघेना. त्याने नुसताच त्याचा दंड दाबला. राखणदार मागे तिच्याशेजारी बसला. चालकाने आरशातून मागे पाहिले.

"घराचं दार उघडंच राहिलंय तुमच्या. आत आहे का कुणी?"

राखणदाराने वळून पाहिले. दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या आणि ऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले होते.

"नाही," तो म्हणाला. "कुणी नाही."