थांबव, पण घालवू नकोस

मावशीच्या यजमानांना सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षं त्यांनी शाळेत कॉम्प्युटर शिकवला. गेले त्या सकाळी त्यांनी घरातल्या जुन्या यंत्रावर एक प्रोग्राम लिहून चालू केला, आणि कॅसेटवर उतरवून घेण्याआधीच खुर्चीत मान टाकली. यंत्र बंद केलं की प्रोग्राम गेलाच. म्हणून सतरा दिवस मावशीने त्या खोलीतलं एकही बटण दाबलं नव्हतं. आणि आता दाराला चिठ्ठी लागली होती, उद्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद.

मला बोलावणं आलं. जुनी यंत्रं दुरुस्त करण्यावरच माझं पोट चालतं.

दुपारची वेळ, पडदे ओढलेले. स्क्रीनवर एक काळी गल्ली होती. तिच्यातल्या खिडक्या एकेक करून उजळत, थोडा वेळ तशाच राहत आणि हळूच मालवत. पुढची कुठली, ते सांगता येत नव्हतं. बघता बघता माझा श्वास त्यांच्याबरोबर चालू लागला. मी खुर्चीत आहे की त्या गल्लीतून चाललेय, तेच कळेना.

"हे फिरतायत अजून," मावशी म्हणाली. "घरोघर दिवे लावत. थांबव त्यांना, पण घालवू नकोस."

प्रोग्राम उतरवायचा तर आधी थांबवायला हवा. त्यात काय मोठं? मी पडले दीडशहाणी. कुठल्या यंत्राला कंट्रोल आणि सी, कुठल्याला एस्केप, कुठल्याला ब्रेक, सगळं मला तोंडपाठ. पण बोटांचं पाठांतर निराळं असतं. आठवडाभर दुकानात ज्या यंत्राशी झटत होते, त्यावर ब्रेक म्हणजे नुसतं थांबणं. बोट सवयीने तिथेच गेलं. ह्या यंत्रावर ब्रेक म्हणजे पाटी कोरी.

गल्ली विझली. घाबरून दुसरं काहीतरी दाबायला गेले, तोच मावशीने मनगट धरलं.

"हात लावू नकोस! ह्यांचंही बोट असंच चुकायचं. मग दुसरं काही न दाबता एवढंच लिहायचे."

जिला मी जन्मभर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणत आले, तिने एका बोटाने शोधून शोधून ओ, एल, डी ही अक्षरं दाबली. ओल्ड, म्हणजे पुसलेला जुना प्रोग्राम परत आण. मी एन्टर दाबलं आणि प्रोग्रामच्या ओळींची यादी मागितली. मास्तरांच्या ओळी एकामागून एक वर सरकत आल्या. एकही गळली नव्हती. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

कॅसेट फिरली. दोन प्रती काढल्या, दोन्ही पडताळल्या.

"झालं?"

"झालं, मावशी. आता कुठे जात नाहीत ते."

तिने मला प्रोग्राम पुन्हा चालू करायला लावला. खिडक्या उजळू लागल्या. थोडा वेळ ती बघत उभी राहिली, मग यंत्राचा खटका स्वतःच खाली केला.

"दमलात हो," ती काळ्या स्क्रीनला म्हणाली. "पडा आता जरा."

आणि सतरा दिवसांत पहिल्यांदाच मावशी ढसाढसा रडली.